तिची बाजू

रविवारी दुपारी त्या घरात भांडण व्हायचंच. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याला ते इतकं सवयीचं झालं होतं, की एखाद्या रविवारी आवाज आला नाही तर ते खाली येऊन विचारायचे, "सगळे बरे आहात ना?" जेवणं उरकली, टेबल पुसून झालं, की दोन उंच स्पीकरांसमोर तीन खुर्च्या ओढल्या जायच्या आणि आयर्लंडमधल्या जुन्या रॉक बँडांवरून तिघं जण एकमेकांच्या उरावर बसायचे. आयर्लंड तिघांपैकी एकानेही पाहिलेलं नव्हतं.

घरधनी चष्म्याच्या दुकानाचा मालक. डोळे तपासायचा, काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. सगळा रस्ता त्याला चष्मेवाला म्हणे आणि बायकोही तेच म्हणे. बायको इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. मोडलेली, आखडलेली, हिंमत हरलेली माणसं तिच्या हाताखालून चालत घरी जायची. तिसरा तिचा धाकटा भाऊ, लिफ्टचा मेकॅनिक. त्याच्या मागच्या खिशात कायम एक पाना असायचा, म्हणून त्याचं नाव पान्या पडलं होतं. तो बहिणीला ताई म्हणायचा आणि त्याचं ऐकून बाकीचेही तिला ताईच म्हणायला लागले होते.

तिघांच्या बाजू कॅसेटच्या काळापासून ठरलेल्या होत्या. पान्या थिन लिझीवाला. दोन गिटारी हातात हात घालून चालल्यासारख्या वाजतात, ते दुसऱ्या कुणाला जमलं असेल तर दाखवा, एवढंच त्याचं म्हणणं. चष्मेवाला यू-टूचा भक्त. शाळेच्या वयात जमलेली चार पोरं, इतकी वर्षं झाली तरी तीच चार, हा त्याचा हुकमी मुद्दा.

"मग काय झालं?" ताई म्हणायची. "तुरुंगातही इतकी वर्षं तीच चार माणसं असतात."

ताई हॉर्सलिप्सची. या बँडने गावच्या जुन्या चाली उचलून, बासरी आणि फिडलच्या, म्हणजे गावाकडच्या व्हायोलिनच्या, सोबतीने, विजेच्या गिटारीवर वाजवल्या, म्हणून तिच्या लेखी खरे आयरिश तेच. यू-टूचं नाव काढलं की तिचं नाक वर जायचं. "एक सूर वाजवायचा, यंत्राने त्याचे चार करायचे आणि वर प्रवचन! तुला काही कळत नाही, चष्म्या. तू लोकांचे डोळे तपास, कानाच्या भानगडीत पडू नकोस." पोग्ज हा बँड जमलाच मुळी लंडनमध्ये, मग त्याला आयरिश म्हणायचं की नाही, यावरून एकदा ताई आणि पान्या महिनाभर बोलत नव्हते. मध्ये चष्मेवाल्याने निरोप पोचवायचं काम केलं होतं.

तर अशाच एका रविवारी, पान्या हात धुऊन येऊन बसतो न बसतो तोच ताई नवऱ्याला म्हणाली, "तुझं ते लाव ना."

"माझं कुठलं?"

"ते रे. तुझ्या त्या चौघांचं."

चष्मेवाल्याला वाटलं, आज काहीतरी नवीन टोमणा तयार करून ठेवलेला दिसतोय. त्याने जरा बिचकतच यू-टूची सीडी लावली. ताईने डोळे मिटले. गाणं संपलं, तशी म्हणाली, "परत." ते संपलं, पुन्हा "परत." चौथ्यांदा लागलं तेव्हा ती खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून बसली होती आणि चेहऱ्यावर एखाद्या लहान मुलीसारखं समाधान होतं.

पान्या उठून उभाच राहिला. "भावोजी, जिंकलात की हो! मी साक्षीदार आहे. लिहून घ्या तिच्याकडून."

चष्मेवाल्याने लगेच दुसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या लेकीला फोन लावला. "तुझी आई सुधारली," तो म्हणाला आणि फोन स्पीकरसमोर धरला. लेक हसत सुटली. "आई, तुला ताप आहे का गं?" ताई डोळे मिटून ऐकत होती. त्या दिवशी चष्मेवाला संध्याकाळपर्यंत शीळ घालत फिरत होता.

मग हळूहळू इतर गोष्टी दिसू लागल्या. ताई जॅमच्या बरणीत चमचा घालून उभ्याउभ्या बरणी संपवू लागली. आयुष्यभर बिनसाखरेचा चहा पिणारी ती, आता कपात साखर ओतायची. वरच्या मजल्यावरच्या आजी वारल्या. आजोबा जिन्यात बसून रडत होते, तर ही त्यांच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "केवढं ते तोंड वेडंवाकडं!" चष्मेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने घरी येऊन जाब विचारला, तर ती शांतपणे म्हणाली, "होतंच वाकडं."

शेवटी इस्पितळातून फोन आला. कमरेचं ऑपरेशन झालेल्या एका पेशंटला तिने दोन दांड्यांच्या मध्ये उभं केलं, धरून राहायला सांगितलं आणि स्वतः निघून गेली. उपाहारगृहात बसून केक खात होती. पेशंटचे हात सुटले, तो पडला आणि पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर गेला. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलींनी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "मला भूक लागली होती." तिच्या आवाजात पश्चात्तापाचा मागमूस नव्हता. मुली मात्र रडत होत्या.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई मृदू आवाजाच्या होत्या. फोटो उजेडावर धरून त्यांनी मेंदूचा पुढचा भाग दाखवला. तो आक्रसला होता. "विसरणं नंतर येतं," त्या म्हणाल्या. "या आजारात आधी माणूस बदलतो. खाण्यात, बोलण्यात, दुसऱ्याचं दुःख समजण्यात. काही जणांची आवडनिवडही उलटीपालटी होते. तसं काही जाणवलं का? कपडे, रंग, संगीत?"

पान्या सोबत आला होता. त्याने भावोजींकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"संगीत," चष्मेवाला म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली, जणू उत्तर त्यांना आधीच माहीत होतं.

घरी येताना चष्मेवाला गाडी चालवत होता. इतक्या वर्षांत त्याने जिंकलेला एकच वाद, आणि तो रोगाचं लक्षण निघाला. मागच्या सीटवर ताई विचारत होती, "घरी गेल्यावर ते लावशील ना?"

त्यानंतर त्याला ते गाणं ऐकवेना. सकाळी दात घासताना, जेवताना, दुपारी, ताईला तेच हवं असायचं. मग त्याच्या डोक्यात आलं, की तिची तिला आठवण करून दिली तर? त्याने हॉर्सलिप्सच्या जुन्या रेकॉर्ड काढल्या, सुई बदलली, तिला समोर बसवलं. "ही बघ तुझी माणसं. आठवतंय का, या बासरीवरून तू मला किती छळलंयस?"

ताईने जेमतेम अर्धा मिनिट ऐकलं. मग उठली आणि सुई ओरबाडून बाजूला केली. रेकॉर्डवर लांब ओरखडा उठला. "काय हे पीं पीं," ती म्हणाली. "माझं लाव."

"ते तुझं नाहीये!" तो ओरडला. "ते माझं आहे. तुला ते कधीच आवडलं नाही!"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. दुकानात चुकीचा नंबर लागलेलं गिऱ्हाईक पाहतं तशी, काहीतरी अंधुक दिसतंय म्हणून.

पान्याचं धोरण वेगळं होतं. तो आला की ताई म्हणेल ते लावायचा, म्हणेल तितक्यांदा लावायचा आणि शेजारी बसून बिस्किटं मोडून द्यायचा. चष्मेवाल्याला त्याचा राग यायचा. आपण हिला ओढून आणायला बघतोय आणि हा खुशाल निरोप देतोय, असं त्याला वाटायचं. एके दिवशी कुणाला न सांगता त्याने यू-टूच्या सगळ्या सीडी पिशवीत भरल्या आणि दुकानात नेऊन काचांच्या खोक्यांमागे ठेवल्या. ताईने विचारलं तेव्हा म्हणाला, "हरवल्या." तिने पुन्हा विचारलं, तो पुन्हा तेच म्हणाला. दिवसभर ती घरातले खण उपसत होती. शोधून शोधून दमेल आणि सोडून देईल, असा त्याचा हिशेब होता.

ती दमली नाही. दोन दिवसांनी, घरकामाच्या बाई गच्चीवर कपडे वाळत घालत असताना, ती दार उघडून निघून गेली.

चष्मेवाला एका शाळकरी मुलीच्या नाकावर फ्रेम बसवत होता. फोन आला टीव्ही-फ्रिजच्या मोठ्या दुकानातून. ताईच्या पर्समध्ये त्यांना त्याच्या दुकानाचं कार्ड सापडलं होतं. तो तसाच, गळ्यात मोजपट्टी अडकवलेला, रस्ता ओलांडून धावत सुटला.

आधी सगळं छान झालं होतं, असं तिथल्या मॅनेजरने सांगितलं. बाई आल्या, स्पीकरांपाशी उभ्या राहिल्या, गाणं गुणगुणून दाखवलं. त्यांच्या एका विक्रेत्या मुलीला ते ओळखू आलं, तिने फोनवरून मोठ्या स्पीकरवर लावलं. बाई खूश. पुन्हा लावलं, पुन्हा खूश. पण दुसऱ्या गिऱ्हाइकाला आवाज ऐकवायचा होता म्हणून त्या मुलीने ते बंद केलं आणि बाईंनी तिच्या तोंडावर मारलं. अंगठीने गाल कापला.

मुलगी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. गालावर कापूस. वयाने त्याच्या लेकीपेक्षाही लहान असावी. चष्मेवाल्याने तिच्यासमोर हात जोडले. "माझी बायको आजारी आहे. चूक माझी आहे, तिची नाही."

"मी छान वागत होते हो त्यांच्याशी," मुलगी म्हणाली आणि तिला पुन्हा रडू फुटलं.

ताई धुलाईयंत्राला टेकून उभी होती. रडणाऱ्या मुलीकडे बघून ती हसली. चष्मेवाल्याने तिचा दंड धरला आणि त्याला जाणवलं, की आपण तो जरुरीपेक्षा जास्त घट्ट धरलाय. त्याने पकड सैल केली. अख्ख्या दुकानातली माणसं बघत होती.

संध्याकाळी पान्या आला, तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत ग्रीस होतं. दिवसभर तो एका इमारतीच्या लिफ्टच्या विहिरीत उतरलेला, फोन लागत नव्हता. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने एकच विचारलं, "पण ती बाहेर शोधायला का गेली? घरात होत्या की सीडी."

चष्मेवाला गळ्यातली मोजपट्टी काढून गुंडाळू लागला.

"भावोजी?"

"मी दुकानात नेऊन ठेवल्या."

पान्याचा चेहरा काळवंडला. "लपवल्यात? तिच्यापासून?"

"ती ती नाहीये, पान्या! तुला कळत कसं नाही? जी बाई आयुष्यभर त्या बँडला नावं ठेवत आली..."

"नावं ठेवत होती, आता ठेवत नाही. तिला एक गोष्ट आवडतेय. या आजारात आवडायला काय काय उरणार आहे, सांगा ना? आणि तुम्ही तीच काढून घेतलीत."

"तुला पहिली ताई नको आहे का?"

"हवी आहे हो!" पान्याचा आवाज चिरकला. "तुमच्या आधीपासून माझी आहे ती. मला चालायला तिने शिकवलंय. पण ती येत नाहीये, भावोजी. तुम्ही दारात उभे आहात आणि जी आलीय तिला आत घेत नाही."

तो चहा न घेता गेला. पुढचा रविवार रिकामा गेला, त्याच्या पुढचाही. खाली येऊन चौकशी करणाऱ्या आजी आता नव्हत्या आणि आजोबांना स्वतःचंच पुष्कळ होतं.

सीडी मात्र दुसऱ्याच दिवशी परत आल्या. चष्मेवाल्याने स्वतः लावल्या. आता तो ताईशेजारी बसून ऐकायचा. सुटका नव्हतीच. पन्नासाव्या, साठाव्या वेळी कुठलंही गाणं उसवायला लागतं, तसं ते त्याच्या कानासमोर उसवत गेलं. गिटारीचा एक सूर, मग यंत्राने केलेली त्याचीच पिल्लं. आवाज चढत जातो, हात वर होतात. कुठेतरी कुणीतरी आपल्याला उपदेश करतंय. त्याच्या मनात आलं, अरे, हेच तर ती सांगत होती.

हे कुणाला तरी सांगावंसं त्याला फार वाटलं. ज्या एका माणसाला सांगायचं, ते माणूस शेजारीच बसून बोटांनी ठेका धरत होतं.

लेकीने फोनवरून मामाला झापलं, बाबांना झापलं आणि दोघांना पुन्हा एका खोलीत आणलं. पान्या आला. बसला. दोघंही एकमेकांकडे न पाहता स्पीकरकडे बघत होते. ताईचं गाणं चालू होतं. ते संपलं आणि दुसऱ्यांदा सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत चष्मेवाला अचानक म्हणाला, "एक सूर वाजवायचा आणि यंत्राने त्याचे चार करायचे. याला काय वाजवणं म्हणतात?"

पान्याने चमकून पाहिलं. वाक्य कुणाचं, हे त्याला सांगायची गरज नव्हती. घसा साफ करून तो म्हणाला, "असं कसं, भावोजी? शाळेतली चार पोरं, अजून तीच चार."

"तीच चार तर तुरुंगातही असतात."

"अहो, पण त्या आवाजात काहीतरी सच्चं आहे. नुसतं वाद्य बघू नका."

"सच्चं असेल तर गावच्या चाली कुठायत? स्वतःच्या आज्याने वाजवलेलं एक तरी घेतलंय का? हॉर्सलिप्सवाल्यांनी घेतलं. त्यांनी लाज नाही बाळगली."

"त्यांना बाहेर कोण विचारतं?"

"गर्दी जमली म्हणजे गाणं चांगलं होतं? मग लिफ्टमध्ये सगळ्यात जास्त लोक असतात, तिथलं संगीत सगळ्यात भारी!"

हा शेवटचा मुद्दा ताईचा नव्हता. तो त्याला स्वतःलाच सुचला होता, पण तिला सुचला असता अगदी तसाच. पान्या हसायला लागला आणि हसता हसता त्याला रडू यायला लागलं. तरी त्याने वाद सोडला नाही. आयुष्यभर ज्या बँडला तो दुसऱ्या नंबरावर ठेवत आला, त्याची बाजू तो त्वेषाने लढवू लागला. दोघांचे आवाज चढले. चष्मेवाला उठून उभा राहिला, हातवारे करू लागला. आजारपण, सीडी, कापलेला गाल, जे जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं त्या आरडाओरड्यात वाहून चाललं होतं.

ताई आळीपाळीने एकाकडून दुसऱ्याकडे पाहत होती. मग नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, "तुला काही कळत नाही."

दोघंही थिजले. चष्मेवाला तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण."

"जॅम दे," ताई म्हणाली.

त्यात काही अर्थ होता, की जुनी सवय जिभेवर आली, हे त्याने पुढे डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.

पुढे गोष्टी जशा व्हायच्या होत्या तशाच झाल्या. ताईचे शब्द कमी कमी होत गेले. इस्पितळातून तिच्या हाताखालच्या दोघी मुली आळीपाळीने येऊ लागल्या. तिचे हातपाय आखडू नयेत म्हणून तिनेच शिकवलेले व्यायाम तिच्याकडून करून घ्यायच्या. त्या विक्रेत्या मुलीच्या गालावर बारीक वण राहिला. चष्मेवाला एकदा तिला भेटून आला. तिने बसायला खुर्ची दिली, "बाई कशा आहेत?" असं विचारलं. पण तिला लवकर जायचं होतं हे दिसत होतं. तो तिथे पुन्हा गेला नाही.

थंडी सुरू होता होता ताईने गाणं मागणं सोडलं. "लावू का?" विचारलं तर हो नाही, नाही नाही. लावलं तर ऐकते की नाही कळत नसे. ठेका धरणारी बोटं मांडीवर नुसती पडून राहायची. ज्या गाण्याचा त्याला तिटकारा आला होता, ते तिने पुन्हा मागावं म्हणून चष्मेवाला आता वाट पाहायचा.

लेक सुट्टी काढून आली. पहिल्या रविवारी तिनेच तिसरी खुर्ची ओढली आणि आईला मऊ आरामखुर्चीत, उन्हाच्या तुकड्यात बसवलं.

"काय लावायचं?" पान्याने विचारलं.

सवयीने तिघांनीही ताईकडे पाहिलं. ती खिडकीकडे बघत होती.

"क्रॅनबेरीज," लेक म्हणाली.

"क्रॅनबेरीज?" पान्या म्हणाला. "या घरात?"

"का? त्या बँडमध्ये गाणाऱ्या बाईच्या आवाजासमोर तुमच्या दोन गिटारी म्हणजे नुसता खडखडाट आहे, मामा."

"खडखडाट? भावोजी, ऐकताय ना? तुमच्या मुलीला जरा समजवा."

चष्मेवाल्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. ताईच्या पायांवरची शाल सरकली होती, ती नीट केली. मग तो खुर्चीत मागे टेकला.

"आवाज चांगला आहे," तो सावकाश म्हणाला. "पण तुझी आई इथे काय म्हणाली असती, सांगू?"

"सांगा," लेक म्हणाली आणि वाद घालायच्या तयारीने पुढे सरकून बसली.